अक्कांची गाडी सरळ चालायला लागली

चेन्नईत येऊन आम्हाला जेमतेम सहा महिने झाले होते, तेव्हा मी पहिल्यांदा अक्कांच्या गाडीत बसले. नोव्हेंबर होता आणि वादळाचा इशारा आला होता. आमच्या वेलचेरी भागात असा इशारा आला की लोक दूध भरून ठेवतात, मेणबत्त्या आणतात आणि आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. पाणी भरलं तर पार्किंगमधल्या गाड्या बुडतात, पूल काही बुडत नाही. दुपारपासून आमच्या बिल्डिंगमधून एकेक गाडी बाहेर पडत होती. आमच्याकडे गाडीच नव्हती, त्यामुळे मी बाल्कनीत उभी राहून ही मिरवणूक मजेत बघत होते. तेवढ्यात खालून हाक आली, चक्क मराठीत.

“मराठी मुली, खाली ये की जरा. मला डाव्या अंगाचं दिसत नाही.”

हाक मारणाऱ्या बाईंना अख्खी बिल्डिंग अक्का म्हणायची. वय बाहत्तर. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. मूळच्या तंजावरच्या, आणि कित्येक पिढ्या तिकडे राहूनही घरात मराठीच बोलणाऱ्या. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी गडबडले होते. ‘सगळे’ला त्या ‘अस्के’ म्हणायच्या, ‘काय करते आहेस’च्या जागी ‘काय करूनले आहेस’ विचारायच्या, आणि वाक्याचा सूर असा तमिळ वळणाने वर जायचा की साधं वाक्यसुद्धा प्रश्न वाटायचं. मी सांगलीची. माझी मराठी त्यांना तितकीच विचित्र वाटत असणार. इथे मी त्यांचं बोलणं बहुतेक माझ्याच मराठीत देते आहे, कारण तो सूर मला कागदावर उतरवता येत नाही.

तर मी खाली गेले. अक्कांची गाडी म्हणजे फिकट निळी, चौकोनी, पुढे एकच लांब सीट असलेली जुनी गाडी. तिचा डावा आरसा कधीच तुटलेला होता. मी आरशाच्या जागी बसायचं आणि डावीकडे कोण आहे ते सांगायचं, असं ठरलं. गाडी गेटबाहेर पडली आणि मी सीटची कड दोन्ही हातांनी पकडली.

अक्का स्टिअरिंग फिरवत नव्हत्या, त्या ते घुसळत होत्या. रस्ता सरळ, आणि त्यांचे हात मात्र एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, सारखे हलत. हात पाव फेरी फिरले तरी गाडीच्या काही लक्षात यायचं नाही. मग अचानक लक्षात आलं की ती एका बाजूला कलायची, आणि अक्का लगेच उलट्या बाजूला घुसळायच्या. पुलावर दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या होत्या आणि मध्ये एकच पट्टा मोकळा होता. त्या पट्ट्यातून आम्ही नागमोडी चाललो होतो. मी डावीकडे बघून ओरडत होते, “अक्का, लाल गाडी. अक्का, पांढरी गाडी. अक्का, माणूस.” अक्का शांतपणे म्हणत होत्या, “दिसला, दिसला.” खरं तर त्यांना दिसला नव्हता, म्हणून तर मी होते.

शेवटी गाडी लावली आणि त्यांनी पदराने कपाळ पुसलं. मी हसायला लागले. भीती ओसरल्यावर येतं ते हसू होतं, थांबेचना. अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि त्याही हसायला लागल्या. वारा सुटला होता, पुलावरचे लोक घाईघाईने गाड्यांवर कव्हरं बांधत होते, आणि आम्ही दोघी निळ्या गाडीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो.

“अक्का, ही नेहमीच अशी चालते?”

“गाडीला थोडा स्वभाव असतो,” त्या म्हणाल्या.

“हा स्वभाव नाही, हा आजार आहे.”

हे मी उगीच बोलले नव्हते. मी इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करते, आणि तो कारखाना मोटारींची स्टिअरिंगच बनवतो. माझं काम तपासणीचं. एक यंत्र दिवसभर स्टिअरिंग फिरवत असतं आणि मी पडद्यावरची रेघ बघत असते. रेघ हलली की माल परत. स्टिअरिंगमधली ढिलाई कशी मोजायची ते मला चांगलं माहीत होतं, पण खऱ्या गाडीच्या खाली मी कधी शिरले नव्हते. आम्ही बनवतो ती स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालणारी. अक्कांच्या गाडीत ते काम लोखंडी पेटीतले दाते आणि त्यांना जोडलेले दांडे करत होते.

वादळ दुसरीकडेच वळलं, गाडी परत पार्किंगमध्ये आली, आणि पुढच्या आठवड्यात अक्कांनी मला कॉफीला बोलावलं. पितळी वाटी-पेल्यातली कॉफी माझ्या हातात देऊन त्यांनी मनातली गोष्ट काढली. त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, तंजावरला राहतात. मे महिन्यात त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन करतात तसा तिकडे मोठा सोहळा असतो. अक्कांना त्या सोहळ्याला स्वतःची गाडी स्वतः चालवत जायचं होतं.

“अण्णा काय म्हणतात?”

“म्हणतो, रेल्वेनं ये. तुझ्या गाडीत बसलीस तर तू तंजावरला निघशील आणि गाडी पाँडिचेरीला जाईल.”

ही गाडी त्यांनी चाळिशीत, स्वतःच्या पगारातून, दुसऱ्या हाताची घेतली होती. घरात तोवर कुठल्या बाईने गाडी चालवली नव्हती. अण्णा तेव्हाही हसले होते. पण ते हसणं तेव्हा नवलाचं होतं आणि आता काळजीचं, एवढा फरक अक्कांना कळत होता आणि तोच त्यांना लागला होता.

“बरी होईल ही?” त्यांनी विचारलं. “खरं सांग.”

“होईल,” मी म्हणाले.  म्हणताना मला कॉलेजातल्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी वाटायचं तसं वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही सुरुवात केली. सगळ्यात आधी हवा. पेट्रोल पंपावर टायर तपासले तर पुढच्या दोन टायरांत मेळच नव्हता. उजवा दगडासारखा टणक आणि डावा निम्मा रिकामा. दोन्ही सारखे केले. परत येताना गाडीचं कलणं थोडं कमी झालं होतं, आणि अक्का एवढ्या खूश झाल्या की त्यांना वाटलं काम झालं.

“अजून नाही, अक्का. हा नुसता ताप उतरला.”

मग खरी तपासणी. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकीने आत बसून स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसरीने खाली झोपून बघायचं. पेटीतून निघालेला दांडा हलतो का, त्याला जोडलेला पुढचा हलतो का, आणि शेवटी चाक हलतं का. जिथे एक हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा हलत नाही, तिथे ढिलाई. सोपं आहे. मी जुनी चटई अंथरून गाडीखाली सरकले आणि माझा नवरा मोबाइलचा दिवा धरून बाजूला बसला. तो कंप्युटरवाला. त्याला गाडीत बसलं की मळमळतं, गाडीबद्दल बोललं तरी थोडं मळमळतं, पण दिवा धरायला त्याची ना नव्हती.

“हलवा, अक्का,” मी खालून ओरडले.

काहीच हललं नाही.

“अक्का, हलवताय ना?”

“कधीची हलवूनले आहे,” वरून उत्तर आलं.

मग पेटीचा दांडा हळूच हलला. त्याला जोडलेला लांब आडवा दांडा हलला, पण वेडावाकडा, वर-खाली उचकत. त्या आडव्या दांड्याचं दुसरं टोक समोरच्या बाजूला एका छोट्या हाताने धरलेलं असतं, त्याला आयडलर म्हणतात. हा हात आपल्या खुंटीवर गच्च बसलेला हवा. आमच्या गाडीतला तो खुंटीवर झुलत होता. आतल्या बुशाचा, म्हणजे तिथल्या रबरी कडीचा, पार भुगा झाला होता. चाकांशी जोडणारे दोन गोलाकार सांधेही खिळखिळे होते. मी एकेक सांगत होते आणि नवरा तेच मोठ्याने वर अक्कांना सांगत होता, डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात तसा गंभीर चेहरा करून.

मी बाहेर आले तेव्हा केसांत ग्रीस, गालावर ग्रीस, आणि तोंडभर हसू. चेन्नईत आल्यापासून इतकी मजा मला एकदाही आली नव्हती. ऑफिसची बस, पडद्यावरची रेघ, घर. तमिळ कळत नव्हतं, त्यामुळे बसमध्ये सगळे हसले की मीही अर्धा मिनिट उशिरा हसायची. आणि आता माझ्याकडे एक गाडी होती, तिच्या पोटातला रोग मला सापडला होता, आणि तो मला मराठीत सांगता येत होता.

सुटे भाग शोधायला आम्ही पुदुपेट्टैच्या बाजारात गेलो. तिथल्या गल्ल्यांत दुकानांच्या दारात दारं टांगलेली असतात, गाड्यांची. चाकांच्या उतरंडी, दिव्यांचे ढीग, आणि मध्ये बसलेले दुकानदार. अक्का जुन्या बुशाचे तुकडे रुमालात बांधून घेऊन गेल्या होत्या. प्रत्येक दुकानात तो रुमाल सोडून दाखवायच्या आणि दुकानदार वाकून बघायचे. चौथ्या-पाचव्या दुकानात एकाने मागे हात घातला आणि न बघता तसाच नवा बुश काढून दिला. अक्कांनी तो हातात घेऊन उन्हात धरला, आणि मला म्हणाल्या, “केवढा गोंडस आहे ग.” तो लोखंडाचा आणि रबराचा एक तुकडा होता. पण मलाही तो गोंडसच वाटला. परतीच्या रिक्षात आम्ही तो आळीपाळीने हातात घेतला.

बसवण्याचं काम मात्र गॅरेजमध्ये. जुने सांधे ठोकून काढायला अवजारं लागतात, ती आमच्याकडे नव्हती. वेलचेरीचा गॅरेजवाला कायम कानाला फोन लावून बोलायचा आणि बोलता बोलताच काम करायचा. त्याचं पहिलं मत होतं की गाडी विकून टाका. अक्कांनी शाळेत नकाशावर चुकीचं शहर दाखवणाऱ्या मुलीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. बुश आणि सांधे बसले. गाडी आता खूपच बरी झाली होती, पण अगदी सरळ जाताना मध्ये थोडी पोकळी अजून जाणवत होती. ती पेटीतली. पेटीच्या वर एक स्क्रू असतो, तो आवळला की आतले दाते जवळ येतात.

गॅरेजवाल्याने स्क्रू थोडा आवळला. अक्कांनी आत बसून स्टिअरिंग हलवून बघितलं आणि म्हणाल्या, “इन्नुम् कोंजम्.” म्हणजे अजून थोडा. त्याने आवळला. “इन्नुम् कोंजम्.” मी म्हणाले, अक्का, पुरे, मधले दाते झिजलेले असतात, कडेचे नसतात, मध्ये गच्च केलं तर कडेला अडकेल. पण हात लावून बघितलं तर मलाही ते इतकं घट्ट, इतकं नव्यासारखं लागलं की मीच म्हणाले, बरं, एवढंच राहू दे. गॅरेजवाला फोनवर होता. त्याने मान हलवली.

आम्ही निघालो. सरळ रस्त्यावर गाडी बाणासारखी. अक्कांचा चेहरा उजळला. पुढे डावीकडे वळण होतं. अक्कांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी छान वळली, आणि नेहमीप्रमाणे अक्कांनी हात सैल सोडले. वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप परत येतं, ही सवय. ते आलं नाही. फिरवलेलं तिथेच राहिलं. गाडी वळत राहिली, वळत राहिली, आणि केळीचे खांब बांधलेल्या एका गेटमधून आत शिरली. अक्कांनी ब्रेक दाबला.

ते लग्नाचं कार्यालय होतं. आत नादस्वरम् वाजत होतं. दारात भरजरी साड्यांतल्या दोन बायका तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी जुनी गाडी बघितली, आतली पांढऱ्या केसांची बाई बघितली, आणि गावाकडची कुणी वडीलधारी आली असं समजून “वांगो, वांगो”, या या करत पुढे आल्या. खिडकीतून आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. चंदन लावायला पात्र पुढे केलं. खडीसाखर दिली.

“अक्का, मागे घ्या,” मी म्हणाले.

“कशी घेऊ? मागे पाहुणे आलेत.”

खरंच मागे एक मोठी गाडी येऊन थांबली होती. मग काय करणार? आम्ही उतरलो. माझ्या सलवारीवर ग्रीसचे डाग होते. आम्हाला हाताला धरून आत नेलं, केळीच्या पानावर बसवलं आणि वाढायला सुरुवात केली. पोंगल, वडा, केशरी म्हणजे इकडचा शिरा. मी मान खाली घालून खात होते, कारण वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. एक वयस्क गृहस्थ आस्थेने विचारायला आले की आपण मुलीकडच्या की मुलाकडच्या. अक्कांनी घास गिळला आणि तमिळमध्ये स्पष्ट सांगितलं, “आम्ही स्टिअरिंगकडच्या.” आणि मग झालेला सगळा प्रकार सांगितला. पेटी, स्क्रू, वळण, गेट, सगळं.

मला वाटलं आता उठवणार. ते गृहस्थ मुलीचे मामा निघाले. ते इतके हसले की त्यांना शेजारच्या खुर्चीत बसावं लागलं. मग त्यांनी वाढप्याला बोलावून आमच्या पानांवर अजून केशरी घालायला लावली आणि ही गोष्ट पंगतीत पुढे सांगितली. पंगत हलू लागली. निघताना त्यांनी स्वतः मागच्या गाड्या बाजूला करवल्या. आम्ही नवऱ्यामुलीला लांबून आशीर्वाद दिला आणि प्रत्येक वळणावर स्टिअरिंग दोन्ही हातांनी जोर लावून सरळ करत, पुन्हा गॅरेजात आलो. माझ्या ओढणीला गुलाबपाण्याचा वास येत होता. गॅरेजवाल्याने फोन खाली ठेवला, आमच्या कपाळावरचं चंदन बघितलं आणि काहीही न विचारता स्क्रू सैल करायला घेतला. या वेळी मी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून बघितल्याशिवाय हो म्हटलं नाही. मध्ये बोटभर ढिलाई राहू दिली. जुन्या गाडीला तेवढी लागते. मग चाकांची अलाइनमेंट करून घेतली, पुढची दोन्ही चाकं एकमेकांशी जुळवली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे काम संपलं.

रविवारी मी अक्कांना आमच्या वसाहतीत घेऊन गेले. आठवडाभर तिथे ट्रकची रांग असते, रविवारी मात्र शुकशुकाट. रुंद, मोकळे, पट्टीने आखल्यासारखे रस्ते. आधी मी चालवली. गाडी शहाण्या मुलीसारखी नाकासमोर गेली. मग अक्का बसल्या. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, आणि गाडी साप दिसल्यासारखी डावी-उजवीकडे उड्या मारायला लागली. मागच्या सीटवर माझ्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

“काय झालं हिला?” अक्का घाबरून म्हणाल्या. “आधीपेक्षा वाईट झाली की.”

मी त्यांच्या हातांकडे बघितलं आणि मला कळलं. हात घुसळत होते. तीस वर्षं त्या हातांनी सतत डावं-उजवं करून ती गाडी रस्त्यावर ठेवली होती. आता गाडी ऐकायला लागली होती, प्रत्येक हालचाल ऐकत होती, आणि हात काही थांबत नव्हते.

“अक्का, हात. हात थांबवा.”

“थांबवले की पडेल ना कुठेतरी.”

“नाही पडणार. थांबवून तर बघा.”

त्यांना जमेना. एका फेरीनंतर दुसरी फेरी, तीच नागमोडी. वसाहतीचा सुरक्षारक्षक मोटरसायकलवरून आला आणि त्याने हात दाखवून गाडी थांबवली. त्याला काय संशय आला होता ते दिसतच होतं. पण आत पाठ ताठ ठेवून बसलेली, कपाळावर भस्माची रेघ असलेली बाई बघून त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “अम्मा, मयक्कमा?” चक्कर येते का, असं त्याने काळजीने विचारलं.

“मला नाही,” अक्का म्हणाल्या. “गाडीला यायची. तिची बरी झाली, आता माझ्या हातांची काढतोय.”

तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मी कारखान्याचं ओळखपत्र दाखवलं, पण हसण्यामुळे मला बोलता येत नव्हतं. शेवटी मागून नवऱ्याने मोडक्या तमिळमध्ये सांगितलं की शिकणं चाललंय. तो म्हणाला, शिका, पण त्या कडेच्या रस्त्यावर शिका. आणि स्वतः सावलीत थांबून बघत बसला.

आम्ही थर्मासमधली कॉफी प्यायलो. अक्का आपल्या हातांकडे बघत होत्या.

“निवृत्त झाले तेव्हा असंच झालं होतं ग,” त्या म्हणाल्या. “सकाळी उठून साडी नेसून तयार बसायची. शाळा नाही हे माहीत असायचं, तरी. हातांना सांगून कळत नाही.”

“मग तेव्हा काय केलंत?”

“काही नाही. एक दिवस तशीच साडी नेसून समुद्रावर गेले. दूर बघत बसले.”

मी म्हणाले, “तसंच करा. गाडीच्या नाकाकडे बघू नका. त्या टोकाला पाण्याची टाकी दिसते ना, तिच्याकडे बघा.”

त्यांनी कोपर दाराच्या कडेला टेकवलं, बोटं स्टिअरिंगवर नुसती ठेवली आणि टाकीकडे बघत गाडी सोडली. सुरुवातीला थोडी थरथर झाली, मग थांबली. गाडी सरळ चालली. झाडं मागे जात होती, कारखान्यांची बंद गेटं मागे जात होती, आणि अक्कांचे हात जागच्या जागी होते. टाकी मोठी होत गेली.  टाकीपाशी त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “एवढंच असतं होय?”

“एवढंच.”

“अस्के लोक असंच चालवतात?”

“हो.”

“इतकं सोपं आहे, आणि तरी कुरकुर करतात?”

त्या दिवशी आम्ही तो रस्ता इतक्या वेळा पार केला की सुरक्षारक्षक कंटाळून निघून गेला. अक्कांना थांबायचंच नव्हतं. परत येताना त्या दर सिग्नलला मला सांगत होत्या, “बघ, हात बघ.”

मेमध्ये आम्ही पहाटे निघालो. अक्का चालवायला, मी शेजारी, नवरा मागे लिंबू हुंगत. तांबरम सुटलं, चेंगलपट्टू मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. अक्का रस्त्यावरची गावं, नद्या, मातीचा रंग असं सगळं भूगोलाच्या तासासारखं सांगत होत्या. पूर्वी त्यांना हे जमलंच नसतं, सगळं लक्ष हातांत असायचं. तिंडीवनमला कॉफी घेतली. पण्रुटीला रस्त्याच्या कडेला फणसांचे ढीग लागले होते, तिथे एक फणस घेतला आणि तो नवऱ्याच्या शेजारी ठेवला. फणसाचा वास त्याच्या लिंबाला पुरून उरला, पण तो म्हणाला की गाडी हलत नाहीये, त्यामुळे चालेल. माझ्या नवऱ्याकडून एखाद्या गाडीला याहून मोठी शाबासकी मिळणार नाही.

तंजावरला पोचलो तेव्हा अण्णा ओसरीवर बसले होते. उंच, वाळलेले, नवं धोतर नेसलेले. त्यांनी निळी गाडी गल्लीच्या टोकापासून येताना बघितली. दोन्ही बाजूंना पाहुण्यांच्या मोटरसायकली लावलेल्या होत्या, मध्ये जेमतेम गाडीपुरती वाट होती. अक्का त्या वाटेतून अलगद आल्या आणि दारासमोर थांबल्या. अण्णा उठून उभे राहिले होते, कदाचित मोटरसायकली वाचवायला. ते तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विधी झाले. कलशातल्या पाण्याने अण्णा-वहिनींना न्हाऊ घातलं, हार घातले, सगळ्यांनी पाया पडून घेतलं. जेवणाला थोडा अवकाश होता. अण्णा गळ्यातला हार तसाच ठेवून अक्कांजवळ आले.

“एक फेरी मारून आण की मला,” ते म्हणाले.

अक्कांनी किल्ली घेतली. मीही मागे बसले, कारण मला बघायचं होतं. आम्ही गावाबाहेर कालव्याच्या कडेच्या रस्त्याला लागलो. अण्णा आधी रस्त्याकडे बघत होते, मग बहिणीच्या हातांकडे बघायला लागले. बराच वेळ बघत राहिले. मग एकदम त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय. ते हसत होते, आवाज न करता, आणि त्यांच्या हारातल्या पाकळ्या सीटवर गळत होत्या. अक्का त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “हसू नको, मला हसू येईल,” आणि त्यांनाही आलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, नीट थांबवली, आणि मग आम्ही तिघं हसलो. कशाला हसतोय ते कुणी कुणाला विचारलं नाही.

“आणखी पुढे जाऊ,” अण्णा म्हणाले.

पुढे गेलो. मग अण्णांना आपली जुनी शाळा बघायची होती. मग एका मित्राचं घर. मित्रालाही गाडीत घेतलं. तोपर्यंत माझा फोन दोनदा वाजून गेला होता. नवरा विचारत होता की उत्सवमूर्ती कुठे आहेत, पानं मांडली आहेत, भटजी खोळंबले आहेत.

परत आलो तर वहिनी दारातच उभ्या होत्या. अंगावर सोहळ्याची साडी, गळ्यात हार, कमरेवर हात. अण्णा खिडकीतून काहीतरी समजावून सांगायला लागले. वहिनींनी ते ऐकून घेतलं नाही. त्या गाडीजवळ आल्या, मागचं दार उघडलं आणि मला म्हणाल्या, “जरा सरक ग.”

मी सरकले. वहिनी साडी सावरून बसल्या, दार ओढून घेतलं आणि नणंदेला म्हणाल्या, “चल. त्याच रस्त्यानं चल, जिकडून हा एवढा हसत आला.”

अक्कांनी गिअर टाकला आणि आम्ही पुन्हा कालव्याकडे निघालो.